वहाळातला डोक्यावर चमकता ठिपका असलेला मासा नक्की कोणता?

प्रश्न: नमस्कार दादा, तुमचं सदर नेहमी वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय. आमचं घर कुडाळ तालुक्यात, घरामागून एक व्हाळ जातो. पावसात धो धो, पण दिवाळीनंतर पाणी एकदम संथ होतं, मध्ये मध्ये कोंडीसारखं साचून राहतं आणि तिथूनच आम्ही पाटाने पाणी पोफळीच्या बागेत घेतो. ह्या पाण्यात अगदी वर, म्हणजे पृष्ठभागाला चिकटूनच, बोटाएवढे मासे असतात. वरून बघितलं की डोक्यावर मधोमध एक पांढरा ठिपका लखलखतो, आधी तो ठिपकाच दिसतो आणि मग मासा दिसतो. मुलीने दोन मासे बरणीत धरून बघितले तर बाजूने हिरवट सोनेरी चमक होती आणि शेपटीकडच्या भागात काळे उभे पट्टे. त्यातही एकाला पट्टे जास्त आणि पाठीवरच्या पराला काळा डाग, दुसऱ्याला पट्टे कमी पण रंग भारी. ह्या दोन वेगळ्या जाती आहेत का? सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, बारक्या माशांक काय नाव आसता! शेजारच्यांचं म्हणणं हे गप्पी, डासांसाठी सोडलेले. मोबाइलवर शोधलं तर किलीफिश असं काहीतरी आलं आणि सगळे फोटो आफ्रिकेतल्या माशांचे. मुलगी रोज विचारतेय, सांगा प्लीज. फोटो वरून काढलाय त्यामुळे फार काही दिसत नाहीये.
— एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर: ताई, फोटोत बाकी काही नसलं तरी ठिपका स्पष्ट आलाय, आणि तुम्ही दोघींनी इतकं नीट बघून लिहिलंय की ओळखायचं अर्ध्याहून जास्त काम तिथेच झालंय. हा गप्पी नाही. हा आपल्या इथलाच मासा, पट्टेवाला पँचॅक्स, ॲक्वेरियमवाले ह्याला स्ट्राइप्ड पँचॅक्स म्हणतात, शास्त्रीय नाव अ‍ॅप्लोकाइलस लिनिएटस. आणि बरणीतले दोन मासे वेगळ्या जातींचे नाहीत, ती नर-मादीची जोडी आहे. जास्त पट्टे आणि पाठीच्या पराच्या बुडाशी काळा डाग ती मादी, पट्टे कमी आणि अंगावर सोनेरी हिरव्या ठिपक्यांच्या रांगा झळकतात तो नर. नराचे पोटाखालचे आणि शेपटीचे पर टोकाला लांब निमुळते होतात, मादीचे गोल राहतात, परत बघितलेत तर हे पण दिसेल.

किलीफिश हे पण बरोबरच आहे, फक्त किलीफिश हा खूप मोठा गोतावळा आहे. आफ्रिकेतले ते रंगीबेरंगी मासे, ज्यांची अंडी सुकलेल्या चिखलात महिनोन् महिने तग धरतात आणि पाऊस पडला की फुटतात, ते त्यातले एक टोक. आपला पँचॅक्स तसं काही करत नाही, त्याला बारमाही पाणी लागतं. व्हाळ आटत गेला की तो उरलेल्या कोंडीत, डोहात गोळा होतो, म्हणूनच तुम्हाला दिवाळीनंतर जास्त दिसतो. आणि मुलीला हे जरूर सांगा की १८४६ साली व्हॅलेन्सिएन्स नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ह्या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते मुंबईहून गेलेल्या माशांवरून. म्हणजे ह्या जातीचं मूळ ठिकाण म्हणून जगभरच्या पुस्तकात आजही मुंबईचं नाव लागतं. बारक्या माशाला नाव पण आहे आणि गाव पण आहे.

आता कसं ओळखायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण ह्याच प्रकारची पत्रं गुहागर, सावंतवाडी, पेडणे, कारवार अशी सगळीकडून येत असतात आणि निम्म्या पत्रांत "गप्पीच ना?" असं असतं.

पाण्यात हात घालायच्या आधी मासा कुठे उभा आहे ते बघा. पँचॅक्स हा पृष्ठभागाचा मासा. काठावरचं गवत, केवड्याची किंवा झाडांची पाण्यात लोंबलेली मुळं, पडलेली फांदी, असल्या आडोशाला तो पाण्याच्या वरच्या थरात अगदी स्थिर तरंगत असतो, पर हलतात न हलतात. सावली पडली की सटकन हातभर पुढे जातो आणि परत तसाच थांबतो. खळाळत्या पाण्यात मधोमध पोहणारे, दगडाला चिकटणारे, तळाशी वाळूत तोंड खुपसणारे मासे हे सगळे वेगळे, ते पहिल्या नजरेतच बाद करा.

दुसरं म्हणजे आकार. बाजूने बघितलं तर ह्याची पाठ डोक्यापासून पार मागच्या परापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत असते, डोकं वरून चपटं आणि तोंड वरच्या बाजूला उघडणारं, खालचा जबडा किंचित पुढे आलेला. हे सगळं वरून पडणारे किडे आणि पृष्ठभागाशी लोंबणाऱ्या डासांच्या अळ्या खायच्या सोयीचं. खालून वर खायचं असेल तर पाठ सपाट आणि तोंड वर हवंच ना, ज्या ज्या माशाचं तोंड असं असेल त्याचं जेवण वर आहे असं बेलाशक समजा. लांबी म्हणाल तर मोठा झालेला १० सेंटीमीटरपर्यंत जातो पण व्हाळात बहुतेक त्याहून लहानच दिसतात.

तिसरी खूण सगळ्यात खात्रीची आणि तीच लोक बघत नाहीत, ती म्हणजे परांची जागा. पँचॅक्सचा पाठीवरचा पर खूप मागे असतो, जवळजवळ शेपटीच्या तोंडाशी, आणि छोटासा असतो. त्याच्या खाली पोटाच्या बाजूला जो गुदपर आहे तो मात्र चांगला लांब पसरलेला, आणि पाठीचा पर ह्या गुदपराच्या मागच्या अर्ध्या भागावर येतो. शेपटी गोलसर किंवा मध्ये जराशी टोकदार, दुभंगलेली कधीच नाही. वर छोटा खाली लांब आणि दोन्ही मागे, एवढं लक्षात ठेवलं तरी फोटो धूसर असला तरी चालतं.

आणि मग तो ठिपका. तो डोक्याच्या वरच्या बाजूला, डोळ्यांच्या थोडा मागे, मधोमध असतो आणि पाण्यातून आरशाचा तुकडा असावा तसा उजळतो. त्याच्या बरोबर खाली मेंदूचा पिनिअल नावाचा उजेड जाणवणारा भाग असतो. पण इथे एक लक्षात घ्या, ठिपका ही एकट्या पट्टेवाल्याची खूण नाही. अ‍ॅप्लोकाइलस कुळातल्या सगळ्यांना तो असतो. म्हणजे ठिपक्यावरून पँचॅक्स आहे इतकं ठरतं, कुठला पँचॅक्स ते पट्ट्यांवरून आणि आकारावरून ठरवायचं. आपल्या किनारपट्टीला आणखी एक छोटा भाऊ मिळतो, अ‍ॅप्लोकाइलस ब्लॉकी, ॲक्वेरियमवाल्यांचा ग्रीन पँचॅक्स. तो जेमतेम ५ सेंटीमीटर, अंगावर ते ठळक काळे उभे पट्टे नसतात, नराच्या अंगावर पिवळ्या आणि लाल ठिपक्यांच्या बारीक रांगा असतात. नुसत्या लांबीवर जाऊ नका कारण पट्टेवाल्याचं पिल्लू पण ५ सेंटीमीटरचंच असतं, पण पिल्लाला पट्टे अगदी ठसठशीत असतात. तुमच्या बरणीतल्या दोघांना पट्टे होते त्यामुळे शंका नाही.

आता शेजारच्यांच्या गप्पीबद्दल. गप्पीची मादी राखाडी, जाड पोटाची, नर अगदीच लहान आणि शेपटीवर रंगांचे शिंतोडे. डोक्यावर ठिपका नाही, अंगावर उभे काळे पट्टे नाहीत. डासांसाठीच आणलेला दुसरा परका मासा म्हणजे गॅम्बुशिया, त्याची गफलत जास्त होते कारण त्याचं पण तोंड वर, डोकं चपटं, शेपटी गोल आणि पाठीचा पर मागे सरकलेला. पण त्याचा गुदपर आखूड असतो, आणि नराचा तर गुदपर पुढे लांब होऊन काडीसारखा झालेला असतो. मादीच्या पोटाशी मागच्या बाजूला काळसर डाग दिसतो. गप्पी आणि गॅम्बुशिया दोघेही पिल्लांना जन्म देतात, अंडी घालत नाहीत. पँचॅक्स अंडी घालतो. आणि रासबोरा पण ह्याच पाण्यात असतो, त्याच्यावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा असतो पण तो आडवा, लांबीने जाणारा, पर पाठीच्या मध्यावर आणि शेपटी दुभंगलेली, तो कार्पच्या गोतातला, इथे गोंधळ व्हायचं कारणच नाही.

अंड्यांचं मुद्दाम सांगतोय कारण तुमच्या व्हाळाशी त्याचा थेट संबंध आहे. पँचॅक्सची मादी सगळी अंडी एकदम टाकत नाही, रोज थोडी थोडी, एकेक करून पाण्यातल्या मुळांना, शेवाळाला, गवताच्या पात्यांना चिकटवते. अंड्यावर चिकट धागे असतात त्याने ती तिथे अडकून राहतात आणि साधारण १२ ते १४ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. आता उन्हाळ्याच्या तोंडावर आपण काय करतो, तर व्हाळ "साफ" करतो. जेसीबी घालून काठ खरवडतो, मुळं उपटतो, मग दोन्ही बाजूंनी काँक्रीट. पाणी तेवढंच राहतं, स्वच्छही दिसतं, पण अंडी चिकटवायला एक काडी उरत नाही आणि वर आडोसाही नाही, दोन-तीन वर्षांत तो ठिपका दिसायचा बंद होतो आणि कुणाला कळत पण नाही कारण नाव कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही पाटासाठी गाळ काढत असालच, तो काढायला लागतो, माझं म्हणणं इतकंच की एका काठाचं गवत आणि मुळं राहू द्या, दोन्ही काठ एकाच वर्षी खरवडू नका. मासे मारायला पाण्यात ब्लीचिंग टाकायचा जो प्रकार काही ठिकाणी सुरू झालाय त्याने तर मोठा, बारका, पिल्लू, खेकडा काही वाचत नाही, वाडीत कुणी करत असेल तर स्पष्ट विरोध करा, मी अगदी कळकळीने सांगतोय.

मुलीला पुढच्या वेळी असं करायला सांगा. हात आधी पाण्यात ओले करायचे, पारदर्शक डब्यात त्याच व्हाळाचं पाणी घ्यायचं, मासा घालून डबा सावलीत ठेवायचा, मागे पांढरा कागद, शेजारी पट्टी, आणि फोटो बरोब्बर बाजूने काढायचा म्हणजे पाठीचा आणि पोटाखालचा पर दोन्ही दिसले पाहिजेत. एक फोटो वरून ठिपक्यासाठी. पाच मिनिटांत मासा जिथून धरला तिथेच परत. डब्यावर झाकण हवंच, पँचॅक्स उडी मारण्यात पटाईत आहे. फोटो, गाव, महिना आणि पाणी कसं होतं एवढं लिहून आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ह्या नोंदींच्या वेबसाइटवर टाकलंत तर ती नोंद अभ्यासकांच्या कामाला येते, मोठ्या नद्यांच्या नोंदी भरपूर असतात पण घरामागच्या व्हाळांच्या फार कमी.

प्रश्न: आमच्या ग्रामपंचायतीत डासांसाठी गप्पी मासे वाटले. टाकीत सोडून उरलेले ओढ्यात सोडावेत का, असा विषय मीटिंगमध्ये निघालाय. काही जण म्हणतात फुकटचे आहेत, चांगलंच काम करतील. ओढ्यात आधीपासून बारीक मासे आहेत. काय करावं?
— एक ग्रामपंचायत सदस्य, चिपळूण तालुका

उत्तर: ओढ्यात सोडू नका. एवढं ठाम सांगतोय कारण एकदा सोडले की परत काढता येत नाहीत.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा आणि त्रिनिदादच्या बाजूचा, गॅम्बुशिया उत्तर अमेरिकेतला. दोघेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत डासांसाठी म्हणून भारतात आले, गॅम्बुशिया १९२८ साली इटलीमार्गे. बंद टाकी, वापरात नसलेला हौद, बांधकामावरचं साचलेलं पाणी, जिथून मासा बाहेर जाऊ शकत नाही अशा ठिकाणी गप्पीचा उपयोग होतो आणि तिथे हिवताप विभागाचे कर्मचारी सोडतात ते ठीकच आहे. पण ओढा म्हणजे टाकी नव्हे. ओढ्यात सोडलेला मासा डासांच्या अळ्यांवरच थांबत नाही. गॅम्बुशिया तर दुसऱ्या माशांची पिल्लं, बेडकांची पिल्लं खातो, मोठ्या माशांचे पर कुरतडतो, आणि पिल्लं घालणारा असल्याने त्याला मुळं लागत नाहीत, गवत लागत नाही, घाण पाण्यातही पटापट वाढतो. जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० आक्रमक परक्या जातींची जी यादी आहे तीत त्याचं नाव आहे.

आणि तुमच्या ओढ्यात आधीच कामाला लोक आहेत! वरच्या उत्तरात सांगितलेले पँचॅक्स हे डासांच्या अळ्या खाणारेच मासे. गोव्यात १९९०च्या दशकात मलेरियासाठी जे प्रयोग झाले त्यात स्थानिक अ‍ॅप्लोकाइलस ब्लॉकी हा मासा, डासांच्या अळ्या मारणाऱ्या बीटीआय जिवाणूच्या जोडीने, अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी डासाविरुद्ध वापरला गेला आणि त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये छापूनही आले. म्हणजे इथल्या माशाने हे काम होतं हे कुणीतरी करून बघितलेलं आहे. मीटिंगमध्ये हेच सांगा, आणि आधी ओढ्यात काय आहे ते बघून या, डोक्यावर ठिपका दिसला तर प्रश्नच मिटला.

उरलेले गप्पी शाळेच्या, देवळाच्या किंवा घरांच्या बंद टाक्यांसाठी द्या, किंवा ज्यांनी आणले त्यांना परत करा. टाकीचं पाणी ओढ्यात सोडायचं असेल तर बारीक जाळीतून गाळून सोडा, पावसाळ्यात टाकी भरून वाहते तेव्हा मासे तसेच वाहून जातात ते पण बघा. घरच्या ॲक्वेरियमला कंटाळून लोक मासे नदीत "मोकळे" करतात, त्यामागे भावना चांगली असते हे मला मान्य आहे, पण ते पण नको.

प्रश्न: भोरच्या बाजूला नीरेला मिळणाऱ्या एका ओढ्यात अंगठ्याएवढे चपटे चंदेरी मासे दिसले. कल्ल्यामागे एक बारीक काळा ठिपका आणि शेपटीजवळ एक मोठा काळा ठिपका. गाववाले खवली म्हणतात. नेटवर पेथिया टिक्टो असं मिळालं. बरोबर आहे का? आणि त्याच ओढ्यात दगडाला चिकटणारा एक मासा आहे तो कोणता?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: पेथिया हे बरोबर, टिक्टो हे लगेच लिहू नकोस.

दोन ठिपके, मिशा नाहीत, अंग चपटं, शेपटी दुभंगलेली, ह्यावरून पेथिया कुळ नक्की झालं. टिक्टोचं वर्णन हॅमिल्टन ह्या शास्त्रज्ञाने १८२२ साली बंगालच्या बाजूच्या माशांवरून केलं आणि त्यानंतर शंभर-दीडशे वर्षं भारतभर जिथे जिथे दोन ठिपक्यांचा छोटा मासा दिसला तिथे तिथे टिक्टो लिहिलं गेलं. जुन्या याद्या उघडल्यास की प्रत्येक जिल्ह्यात टिक्टो आहे. पण गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या तरुण अभ्यासकांनी ह्या कुळावर फार सुंदर काम केलंय, आणि तुझ्यासाठी महत्त्वाचं म्हणजे २०१६ मध्ये पेथिया संजयमोलुरी ही नवी जात वर्णन झाली ती भीमेच्या खोऱ्यातूनच, पवना आणि नीरेच्या पाण्यातून. तू जिथे उभा होतास ते तेच खोरं. त्यामुळे इथे नुसत्या दोन ठिपक्यांवर शिक्का मारता येत नाही.

मग काय बघायचं? पार्श्वरेषा. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीकडे खवल्यांवर बारीक छिद्रांची एक ओळ जाते, पाण्यातली हालचाल त्याने कळते. टिक्टोमध्ये ही ओळ पुढच्या काही खवल्यांनंतरच थांबते, शेपटीपर्यंत जात नाही. चांगल्या उजेडात, मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून, ओला मासा थोडा तिरका धरला तर छिद्रं दिसतात, मग मोजता येतात. ओळ किती खवल्यांवर आहे, मागचा ठिपका नेमक्या कोणत्या खवल्यांवर आहे, पाठीच्या परावर काळे ठिपके आहेत का, विणीच्या काळात नराला लाली चढते का, एवढं लिहून ठेव आणि कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना दाखव. तोपर्यंत वहीत "पेथिया, जात निश्चित नाही" असं लिही. अशी नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी, दहा वर्षांनी कुणी वाचली तरी त्याची दिशाभूल होत नाही.

दगडाला चिकटणारा तो मळ्या, शास्त्रीय नाव गारा मुल्या. तोंड खाली, हनुवटीशी चकतीसारखं अंग त्याने तो धरून ठेवतो. कर्नल साइक्सने दख्खनच्या नद्यांतले मासे १८३९च्या सुमारास वर्णन केले तेव्हाच ह्याला नाव देताना इथल्या लोकांच्या तोंडचं नाव घेतलं. तो वाहत्या पाण्याचा, आणि तुझी खवली संथ भागातली, दोघं एकाच ओढ्यात पण वेगवेगळ्या जागी सापडली असतील, तेही लिहून ठेव. लहान ओढ्यांकडे आपल्याकडे फार कमी बघितलं जातं म्हणून तुझं पत्र बघून खरंच आनंद झाला. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या पाण्यातून शिस्टुरा हिरण्यकेशी ही मुऱ्यांच्या गोतातली नवी जात २०२० मध्ये जाहीर झाली, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. देवळाजवळचं एवढंसं पाणी ते, रोज लोक येतात जातात.

प्रश्न: खाडीला मिळणाऱ्या नाल्यात, जिथे भरतीचं पाणी येतं, तिथे काचेसारखे आरपार दिसणारे दोन-अडीच सेंटीमीटरचे मासे झुंडीने दिसतात. डोळे तेवढे काळे. हे कसली पिल्लं आहेत?
— एक वाचक, उरण

उत्तर: झुंडीत पिल्लं पण असू शकतात, पण तुम्ही जागा जी सांगताय ती वाचून माझं मन एकाच माशाकडे जातंय, आणि तसं असेल तर तो पूर्ण वाढ झालेला मासा आहे. ओरायझियस सेटनाय. आधी ह्याला होराइक्थिस सेटनाय म्हणायचे. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी ह्यांनी १९४० साली त्या वेळच्या मुंबई इलाख्यातून ह्याचं वर्णन केलं, आणि तो इतका वेगळा वाटला की त्यासाठी स्वतंत्र कुटुंबच मांडलं. कच्छपासून केरळपर्यंतच्या पश्चिम किनाऱ्यावर खाड्यांच्या मचूळ आणि जवळच्या गोड्या पाण्यात मिळतो.

खात्री करायची असेल तर हँडलेन्स घ्या. अंग लांबट, पारदर्शक, पाठीचा पर अगदी चिमुकला आणि पार मागे. नराच्या गुदपराचे पुढचे काटे वेगळे होऊन त्याचा एक लांब अवयव बनलेला असतो, त्याने तो शुक्राणूंची इवली पुडी मादीला चिकटवतो, आणि मादी नंतर फळलेली अंडी पाण्यातल्या काडीकचऱ्याला लावते. मादीची आणखी एक खूण, पोटाखालच्या दोन परांपैकी उजवा पर तिला बहुधा नसतोच. हे काहीच दिसलं नाही, अंगावर चंदेरी पट्टा किंवा दुभंगलेली शेपटी दिसली तर मग ती दुसऱ्या कुठल्यातरी माशाची पिल्लं.

घरी न्यायचा मोह टाळा, पाण्याचा खारेपणा आणि तापमान थोडं बदललं तरी इतका नाजूक मासा टिकत नाही. काचेच्या छोट्या बरणीत तिथलंच पाणी घेऊन काठावरच बघा, बरणीमागे काळा कागद धरा म्हणजे आरपार अंगाची कड उठून दिसते, आणि फोटोसोबत भरती होती का ओहोटी ते नक्की लिहा.